चेन डिकीत होती: पुण्याची गाडी, अटल बोगदा आणि बर्फातले सात तास

ही घटना डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली. वर्ष, गाडीचं मॉडेल आणि हॉटेल मुद्दाम सांगत नाही. कुटुंब कोथरूडचं: नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या आजी. नवऱ्याला मी दादा म्हणतो, बायकोला वहिनी आणि आजींना आई. इथेही तेच चालू ठेवतो. पुण्यातून स्वतःची गाडी घेऊन हिमालयात जाणाऱ्यांना मी गाडीच्या तयारीत मदत करतो. दादांच्या गाडीची तयारी माझ्या यादीप्रमाणे झाली होती. पुढे जे घडलं त्यात माझाही वाटा आहे, तो शेवटी येईल.

पार्श्वभूमी

गाडी सहा वर्षांची, डिझेल, पुढच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल गिअरची. एसयूव्हीसारखी दिसते, पण फोर बाय फोर नाही. चाळीस हजार किलोमीटर झालेले, टायर कंपनीतून आलेलेच. दादांचा हात चांगला आहे. वरंधा, ताम्हिणी, आंबेनळी हे घाट त्यांनी भर पावसात, धुक्यात, रात्री केलेत. उतारावर गिअर कमी ठेवायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, हे त्यांना सांगावं लागत नाही.

बेत साधा होता. पुण्याहून चार दिवसांत मनाली, तिथे चार रात्री, मग परत. एक दिवस अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सू गावाला. मुलाला बर्फ बघायचा होता आणि आईंना 'तो बोगदा'. ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झालेला हा बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे. त्याचं दक्षिणेकडचं तोंड ३,०६० मीटरवर, म्हणजे मनालीपेक्षा जवळपास हजार मीटर उंच. सोलंगनंतर धुंदी नावाच्या ठिकाणावरून या तोंडापर्यंत चढत जाणारा रस्ता हीच या प्रकरणाची जागा.

पुणेकराला थंडीची कल्पना असते, गोठण्याची नसते. शिवाजीनगरला नोंदलेलं आजवरचं नीचांकी तापमान १.७ अंश आहे, १७ जानेवारी १९३५ चं. म्हणजे आपल्या गाडीतलं पाणी, डिझेल, रबर यांपैकी कशालाही शून्याखाली जायची वेळ कधी आलेलीच नसते. गंमत म्हणजे त्याच शिवाजीनगरात हवामान खात्याच्या इमारतीला आपण 'सिमला ऑफिस' म्हणतो, कारण १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं. पुण्याचा सिमल्याशी संबंध चौकाच्या नावापुरता.

पुण्यात केलेली तयारी

कूलंटपासून सुरुवात केली. नेहमीच्या गॅरेजमध्ये दर सर्व्हिसिंगला पातळी कमी दिसली की पाणी ओतलं जायचं. पुण्यात त्याने काही बिघडत नाही. तपासलं तेव्हा द्रव जेमतेम उणे आठ अंशांपर्यंत टिकेल असं दिसलं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉक फोडू शकतं. सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. हे मिश्रण उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत तग धरतं. जास्त कूलंट घातला की आणखी चांगलं, असं नसतं. निव्वळ कूलंट या मिश्रणापेक्षा लवकर गोठतो.

बॅटरी साडेचार वर्षांची होती. पुण्यात एका झटक्यात गाडी सुरू व्हायची, त्यामुळे दादांना ती बदलायची नव्हती. पण शून्य अंशाला बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल इंजिनला जड करतं. लोड टेस्टमध्ये ती काठावर निघाली, मग बदलली. काचेवर फवारायच्या टाकीतलं साबणाचं पाणी काढून न गोठणारा द्रव भरला. वायपरची रबरं नवीन लावली. ऑइल आधीच ५ डब्ल्यू ३०, म्हणजे थंडीतही पातळ राहणारं, होतं, तिथे काही करायचं नव्हतं.

डिझेलबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. थंडीत डिझेलमधलं मेण वेगळं होऊन गाळणी तुंबते. ती कोणत्या तापमानापर्यंत तुंबू नये, याची भारतीय मानकात उन्हाळ्यासाठी १८ अंश आणि हिवाळ्यासाठी ६ अंश अशी वेगवेगळी मर्यादा आहे. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल काढलं ते याच कारणाने. आपल्याला एवढंच करायचं होतं: मैदानातल्या डिझेलने टाकी काठोकाठ भरून वर जायचं नाही. कमी टाकीने मनाली गाठायचं, तिथल्या पंपावर भरायचं आणि पुढे टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही.

टायरच्या हवेवरून दादांनी बराच खल केला. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो, म्हणून ते पुण्यातूनच चार-पाच पीएसआय जास्त भरून निघणार होते. पण उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने गेजवर थोडं परत मिळतं. पुण्यात तीस अंशाला ३३ भरलं तर मनालीत उणे पाचला गेज ३० ते ३१ दाखवेल. तिथे पोचून सकाळी थंड टायरमध्ये भरून घ्यायचं, बस. आणि बर्फात चालताना हवा कमी करू नये, ती युक्ती वाळूची आहे.

पहिला निर्णय: टायर की चेन

खरा प्रश्न टायरचा होता. नेहमीच्या टायरचं रबर साधारण सात अंशांखाली कडक होऊ लागतं, मग नक्षी कितीही खोल असली तरी पकड घटते. दादांच्या टायरची नक्षी चार मिलिमीटर उरली होती. कायद्याला १.६ पुरते, बर्फाला चार म्हणजे काठ.

चार वाटा होत्या. तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असलेले खरे हिवाळी टायर घ्यायचे, पण ते पुण्यात सहज मिळत नाहीत, आणि दोन दिवसांच्या बर्फासाठी चार हजार किलोमीटर गरम डांबरावर घासून वाया जातात. तेच चिन्ह असलेले ऑल-टेरेन टायर हा मधला मार्ग, पण महाग. (बाजूला नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नये. ते नक्षीबद्दल सांगतं, बर्फावर घेतलेल्या चाचणीबद्दल नाही.) तिसरी वाट चेन, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरभोवती बांधायची साखळी. चौथी म्हणजे गाडी मनालीच्या हॉटेलात ठेवून पुढे स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी करायची.

दादांनी चेन निवडली आणि मी मान डोलावली.

चेन ऑनलाइन आली. मी एकच अट घातली होती: पुण्यात तीनदा लावून बघायची. ही अट फळाला आली. पहिल्याच रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळलं की चेन छोटी आहे. दुकानाने रिमचा आकार बघून १६ इंची पाठवली होती, पण चेन टायरच्या पूर्ण मापावर, २१५/६० आर १६ वर, ठरते. बदलून आणली. पहिल्यांदा लावायला पन्नास मिनिटं लागली, तिसऱ्यांदा अठरा. वॉचमनकाका मोबाइलवर वेळ मोजत होते आणि बाल्कनीतून कुणीतरी विचारलं, "काय हो, पौड रोडला बर्फ पडणारे का?"

दादांच्या वडिलांकडे जुनी जीप होती आणि 'साखळी मागच्या चाकाला' हे घरातलं ज्ञान होतं. जीप मागच्या चाकांवर ओढायची, ही गाडी पुढच्या. चेन इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना लागते. मॅन्युअलमध्येही तसंच होतं, वर कड्यांच्या जाडीची मर्यादाही. हे पार्किंगमध्ये कळलं हे बरं झालं.

डिकीत आणखी बागेतलं छोटं फावडं, दोन गोणपाटं, टोइंगचा दोर, डोक्याला लावायची बॅटरी, चार घोंगड्या, थर्मास, चिक्की आणि भाकरवडी. हातमोजे लोकरीचे. या शेवटच्या दोन शब्दांकडे परत येऊ.

प्रत्यक्ष दिवस

मनालीत दोन दिवस झाले होते. सकाळी हवामान खात्याचा यलो अलर्ट होता. वेस्टर्न डिस्टर्बन्स, ज्याला आपली वर्तमानपत्रं पश्चिमी झंझावात म्हणतात, तो येणार होता आणि बर्फ संध्याकाळनंतर असा अंदाज होता. साडेआठला निघून साडेदहाला सिस्सू. ऊन, निळं आकाश, मुलगा रबरी ट्यूबवर घसरतोय, आई उन्हात खुर्चीवर.

बाराला डोंगरमाथे दिसेनासे झाले. एकला पहिली भुरभुर. चहावाल्याने दादांना सांगितलं, "साहब, अभी निकल जाओ, बाद में लाइन लगेगी।" दादांनी घड्याळ बघितलं. राजमा-चावल सांगून झालं होतं, मुलाची एक फेरी बाकी होती, आणि अंदाज संध्याकाळचा होता.

निघाले दोन चाळीसला.

मनालीत डिसेंबरअखेर सूर्य पुण्याच्या चाळीसेक मिनिटं आधी मावळतो आणि दरीत त्याच्याही आधी सावली पडते. पुण्यातल्या माणसाला दोन चाळीस म्हणजे दुपारचं जेवण पचायची वेळ वाटते, तिथे दिवस संपत आलेला असतो. उत्तरेकडच्या तोंडाशी रांग होती. बोगद्यातून दक्षिणेला बाहेर यायला चार वाजून दहा मिनिटं झाली.

बोगद्यात रस्ता कोरडा असतो, उजेड असतो, हात सैल होतो. बाहेर पडल्याबरोबर दोन इंच बर्फ, त्यातला खालचा थर आधीच्या चाकांनी दाबून गुळगुळीत केलेला. तोंडाबाहेर बऱ्यापैकी सपाट, रुंद जागा आहे. काही टॅक्सीवाले तिथे थांबून चेन लावत होते.

दुसरा निर्णय: आत्ता की पुढच्या वळणावर

वहिनी म्हणाल्या, "आपणही लावून घेऊ या." दादांचं उत्तर मला त्यांनी स्वतः सांगितलं: "मागे हॉर्न वाजतायत. थोडं पुढे जाऊन बघू, नाहीच जमलं तर लावू."

माझ्या मते अख्ख्या दिवसातला सर्वांत महाग पडलेला निर्णय हा होता. तेव्हा तो शहाणपणाचा वाटला असणार, हेही मला समजतं. चेन नुसत्या डांबरावर चालवली की तुटते आणि टायर खाते, म्हणून खरंच गरज पडेपर्यंत थांबायचं हे त्यांनी माझ्याकडूनच ऐकलं होतं. पण 'गरज' कळते ती गाडी घसरल्यावर. तोवर आपण उतारावर असतो, रस्ता अरुंद असतो आणि मागे पन्नास गाड्या असतात.

इथे थोडं गणित. कोरड्या डांबरावर ताशी ४० वरून ब्रेक मारला तर गाडी साधारण नऊ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तीसेक मीटर लागतात, निव्वळ हिमकाचेवर, म्हणजे काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर, साठच्या वर. हे सपाटीवर. पकडीचा गुणांक, म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाचं माप, ०.१ असताना उतारही दहाला एक असेल, तर ब्रेक कितीही दाबा, गाडी थांबतच नाही. ताम्हिणीच्या पावसात पकड कोरड्या रस्त्याच्या निम्म्यावर येते, हिमकाचेवर सातव्या हिश्शावर. दादांच्या घाटातल्या अनुभवाने त्यांना कमी गिअरची सवय दिली, ती इथे कामी आली. पण 'निसरड्या रस्त्याचा मला अंदाज आहे' ही खात्रीही त्याच अनुभवाने दिली, आणि ती चुकीची होती. आणखी एक: शून्याच्या आसपासचा बर्फ उणे वीसच्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. "फार थंडी नाहीये" हे वाक्य गाडीत दोनदा म्हटलं गेलं होतं.

तिसऱ्या वळणावर पुढची टॅक्सी थांबली. दादांनी ब्रेक दाबला, एबीएसने (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेने) पायाखाली खडखड केली आणि गाडी तशीच सरकत राहिली. इथे त्यांनी एक गोष्ट अगदी बरोबर केली. एबीएस खडखडल्यावर घाबरून पाय उचलला नाही आणि स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवलं. दरीपेक्षा डोंगराकडचा बर्फाचा ढीग बरा. सहा-सात मीटर सरकून गाडी ढिगात रुतली. बंपर तडकला, धुक्याचा दिवा फुटला, कुणाला काही लागलं नाही. आईंनी पर्स घट्ट धरली होती, एवढंच.

चेन, अंधारात

आता चेन लावायची होती, उतारावर, पावणेपाचच्या अंधूक उजेडात. पार्किंगमधले अठरा मिनिटांचे पस्तीस झाले. लोकरीचे मोजे पाच मिनिटांत ओले झाले. ओले मोजे उघड्या हातांपेक्षा वाईट, म्हणून दादांनी ते काढले आणि मग बोटं कडीचा हूक पकडेनात. मागच्या गाडीतल्या एका पंजाबी माणसाने बॅटरी धरली आणि मासळीवाल्यांकडे असतात तसले जाड रबरी हातमोजे दिले. दोनशे रुपयांची वस्तू, माझ्या यादीत नव्हती.

एक गोष्ट ते विसरले नाहीत. शंभरेक मीटर गेल्यावर उतरून चेन पुन्हा ताणली. सैल चेन सुटून ब्रेकच्या पाइपात अडकते.

पुढच्या चाकांना चेन लागली की चढावर आणि सुरुवात करताना मोठा फरक पडतो. उतारावर वेगळीच अडचण उभी राहते. पुढची चाकं धरतात, मागची मोकळीच असतात, आणि ब्रेक मारला की गाडीची शेपटी पुढे यायला बघते. दोनदा तसं झालं. पुढच्या टॅक्सीचा चालक काचेशी येऊन म्हणाला, "ब्रेक को भूल जाओ, पहले गियर में छोड़ दो।" पहिला गिअर, क्लचवरून पाय काढलेला, माणूस चालेल तो वेग. तसे ते सव्वासहापर्यंत सरकले. मग धुंदीच्या वर सगळं थांबलं. पुढे कुठेतरी एक बस आडवी झाली होती.

तिसरा निर्णय: गाडीत राहायचं की निघायचं

तीन पर्याय होते: गाडीत बसून रांग हलायची वाट बघणं, धुंदीकडे चालत जाणं, किंवा मदत आली तर गाडी सोडून जाणं.

चालणं वहिनींनी पहिल्याच मिनिटाला बाद केलं आणि ते योग्यच होतं. आईंचे गुडघे, अंधार, आणि शेजारून घसरत येणाऱ्या गाड्या. बर्फात अडकलेल्या माणसासाठी गाडी हा निवारा असतो, लांबून दिसणारा.

पण गाडीत बसण्याचा धोका वेगळा, आणि आपल्याकडे तो फारसा कुणाच्या डोक्यात नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली. नुसत्या थंडीने नाही. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर गाडीतच येतो, आणि त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दादांना हे माहीत होतं. त्यांनी फावड्याने सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढला, आणि दर अर्ध्या तासाने आधी ते तोंड बघून मगच दहा मिनिटं इंजिन आणि हीटर लावला. वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी. मोठ्या माणसांपैकी एकजण कायम जागं. टाकी साठ टक्के भरलेली होती, त्यामुळे रात्र निघाली असती.

काचेवर आतून बाष्प धरलं तेव्हा दादांनी बाहेरची हवा आत घेऊन एसी लावला. आई चिडल्या: "एवढ्या थंडीत एसी?" एसी हवा कोरडी करतो, हीटर ती गरम करतो, दोन्ही एकत्र लावले की काच पाच मिनिटांत साफ होते. (शून्याच्या आसपास बऱ्याच गाड्यांचा एसी आपोआप बंद राहतो, तेव्हा बाहेरची कोरडी हवा आणि हीटरच हे काम करतात.) पावसाळ्यात खंबाटकी बोगद्याजवळ आपण हेच करतो, पण उणे तीनला करताना हात धजत नाही.

ज्याबद्दल कुणी लिहीत नाही ती गोष्ट म्हणजे लघवी. सात तास, सत्तर वर्षांची मधुमेही बाई, चारी बाजूंनी गाड्या. वहिनींनी दोन दारं उघडून, मध्ये घोंगडी आणि छत्री धरून आडोसा केला, दोनदा. तोवर आईंनी लाजेखातर पाणी प्यायचं थांबवलं होतं, आणि उंचीवर, औषधं चालू असताना ते जास्त धोक्याचं. वहिनींना ते कसं लक्षात आलं, तर चिक्की खाऊनही आईंनी थर्मास मागितला नाही.

सव्वाअकराला पोलीस चालत आले. फोर बाय फोर गाड्या खाली लागल्या होत्या, आधी म्हातारी माणसं आणि मुलं. दादांनी ठरवलं की तिघांना पाठवायचं आणि आपण गाडीपाशी राहायचं. कर्जाचे हप्ते बाकी असलेली गाडी अशी रस्त्यात टाकून कोण जाईल? वहिनी म्हणाल्या, "इन्शुरन्स गाडीचा आहे ना? मग तिला राहू दे आणि तू चल." पाचेक मिनिटं वाद झाला. मग चौघेही गेले.

जाण्यापूर्वी त्यांनी गाडी जशी लावली ते बघण्यासारखं आहे. पहिल्या गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला नाही, कारण ओला हँडब्रेक रात्री गोठून धरून बसतो. चाकांना दगड. पुढची चाकं डोंगराकडे वळवलेली. वायपर काचेपासून उचललेले. किल्ली पोलिसांच्या सांगण्यावरून त्यांच्याकडे, म्हणजे यंत्र आलं तर गाडी बाजूला करता येईल.

निष्पत्ती

रात्री एकला हॉटेल. आईंना तीन दिवस ताप आणि खोकला. दुसऱ्या दिवशी रस्ता बंदच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी दादा एका स्थानिक चालकाबरोबर वर गेले. नवीन बॅटरीने गाडी पहिल्या झटक्यात सुरू केली, डिझेल व्यवस्थित वाहत होतं, हँडब्रेक मोकळा. शेजारच्या गाडीची मागची चाकं गोठलेल्या ब्रेकने जाम होती. एक भला माणूस काचेवरचा बर्फ काढायला किटलीभर गरम पाणी घेऊन आला, दादांनी हात जोडून त्याला थांबवलं. गोठलेल्या काचेवर गरम पाणी पडलं की ती तडकू शकते.

खाली उतरताना स्टिअरिंग त्यांनी त्या चालकाकडे दिलं. ऊन पडलं होतं, रस्ता काळा आणि ओला दिसत होता, आणि सावलीतल्या दोन वळणांवर तो ओला नव्हता, गोठलेला होता. पारदर्शक बर्फाखाली डांबर तसंच दिसतं. चालकाने दोन हजार घेतले. दादा म्हणतात, सहलीतला सर्वांत चांगला खर्च. बंपर आणि दिव्याचं बिल पुण्यात अठरा हजारांच्या आसपास झालं, रजा दोन दिवस वाढली.

काय वेगळं करता आलं असतं

यावर आमच्यात एकमत नाही.

दादा म्हणतात, चूक टायरची. नवे ऑल-टेरेन टायर असते तर तिसऱ्या वळणावर गाडी थांबली असती. कदाचित. हिवाळी रबराने अंतर नक्कीच कमी झालं असतं. पण पुढे बस आडवी झालीच असती आणि ते रांगेत अडकलेच असते.

माझ्या मते चूक दोन चाळीसची. पहिली भुरभुर एकला आली होती. तेव्हा निघाले असते तर तीनच्या आत सोलंग, उजेडात. परतीची वेळ सकाळी, निळ्या आकाशाखाली, पोटात काही नसताना ठरवायला हवी होती, राजमा-चावल समोर आल्यावर नव्हे. चेनही बोगद्याच्या तोंडाशी, सपाटीवर लागायला हवी होती. हॉर्न वाजवणारे तुमच्या बंपरचे पैसे देत नाहीत. आणि मनालीत दोन दिवस मोकळे होते. त्यातला अर्धा तास एखाद्या सपाट, मोकळ्या, बर्फाळ पार्किंगमध्ये ताशी दहाने मुद्दाम ब्रेक मारून बघायला हवं होतं. एबीएसची खडखड पहिल्यांदा दरीच्या काठावर ऐकू नये.

वहिनींचं म्हणणं वेगळंच आहे आणि ते मला टोचलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही यादी गाडीची केली, माणसांची नाही. आणि त्याला सांगितलंत, चेन आहे ना, मग काळजी नाही. त्या वाक्यावर तो दोन चाळीसपर्यंत बसला." मी ते म्हटलं होतं. कोथरूडच्या पार्किंगमध्ये, तिसऱ्या वेळी अठरा मिनिटं लागली तेव्हा, पाठीवर थाप मारून. चेन डिकीत नसती तर दादा भुरभुर दिसताच उठले असते, किंवा सकाळीच टॅक्सी केली असती. चौथा पर्याय आम्ही पाच मिनिटंही नीट बोललो नव्हतो, कारण स्वतःची गाडी पुण्याहून नेलीय तर शेवटचे चाळीसेक किलोमीटर दुसऱ्याच्या गाडीत का, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

आता माझ्या यादीत रबरी हातमोजे आहेत, आडोशाची चादर आहे, औषधांच्या वेळा आहेत. सगळ्यात वर एक रिकामी ओळ आहे: 'किती वाजता माघारी फिरणार'. ती भरल्याशिवाय मी कूलंट तपासत नाही. लोकांना ते चमत्कारिक वाटतं.

दादा-वहिनी फेब्रुवारीत पुन्हा जातायत. गाडी मनालीपर्यंत, पुढे टॅक्सी, चेन तरीही डिकीत. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "मी सिमला ऑफिसच्या चौकापर्यंत येते. तिथून पुढे तुमचं तुम्ही."